निळ्या झाकणाची बाटली

क्रेनकाकांच्या तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला होता: "उद्या."

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली त्या सकाळी त्यांचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि त्या एका शब्दाखेरीज सगळी भाषा गेली. चहा हवा का, तर "उद्या". पाठ दुखते का, तर "उद्या". परगावच्या मुलीनं फोनवर रडत विचारलं, "बाबा, ओळखलंत ना मला?" तेव्हाही डोळ्यांत पाणी आणून ते म्हणाले, "उद्या, उद्या." डॉक्टरांनी काकूंना समजावलं की त्यांना कळतं सगळं, फक्त बाहेर पडताना शब्द वाट चुकतात. मग काकूंनी मान हलवून उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारायची सवय लावून घेतली. तेवढ्यावर संसार चालत होता.

पण काकांनी जेवण टाकलं होतं. तीस वर्षं बंदरात क्रेन चालवलेला माणूस, वीस टनांचा खोका जहाजावर अलगद ठेवणारा, आणि आता बायको चमचा पुढे करते म्हटल्यावर तोंड फिरवायचा. दवाखान्यातून आल्यापासून पाच आठवड्यांत त्यांनी दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. चाकाची खुर्ची दाराकडे वळवली की डाव्या हातानं चौकट घट्ट धरायचे. शेजाऱ्यांनी आपल्याला असं बघू नये, एवढंच त्यामागे होतं, आणि काकूंना ते कळत होतं.

काकू पडदे शिवून द्यायच्या. त्यांचं शिलाई मशीन बाहेरच्या खोलीत, मोठ्या खिडकीला लागून होतं. त्याच्या शेजारीच त्या काकांची खुर्ची लावून ठेवत. खिडकीबाहेर काकांचे अकरा गुलाब होते, दोन रांगांत, फरशीच्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना. एकदाचा अपवाद सोडला तर त्या गुलाबांना काकूंनी कधी हात लावला नव्हता. लावू दिलाच नव्हता. त्या घरात दोन कात्र्या होत्या आणि दोघांच्या हद्दी ठरलेल्या होत्या. काकांनी एकदा काकूंच्या कापडाच्या कात्रीनं पुठ्ठा कापला होता, तेव्हा काकू दोन दिवस बोलल्या नव्हत्या. आणि काकूंनी एकदा छाटणीच्या कात्रीनं एक फूल तोडलं होतं, तेव्हा काका चार दिवस बोलत होते.

कळ्या धरायला लागल्या तेव्हा काकूंनी सहज म्हटलं, "अहो, पिवळ्याला सात आल्यात." त्या दिवशी काकांनी ताट पुसून खाल्लं. झालं, काकूंना किल्ली सापडली. रोज सकाळी त्या बाहेर जाऊन कळ्या मोजायच्या, आत येऊन आकडा सांगायच्या, आणि आकडा वाढला की दोन घास जास्त जायचे.

त्या मंगळवारी त्या मोजायला गेल्या आणि कोपऱ्यातल्या लाल गुलाबाच्या कळीला धरलं तर बोट चिकटलं. त्यांनी चष्मा नाकावर ओढला. कळीच्या मानेभोवती, देठावर, कोवळ्या पानांच्या पोटाशी हिरवट बारीक ठिपके एकमेकांना खेटून बसले होते. धूळ असेल म्हणून त्यांनी फुंकर मारली. धूळ चालू लागली.

त्यांनी दुसरं झाड पाहिलं, तिसरं पाहिलं. अकरापैकी नऊ झाडांवर तेच. दोन कळ्यांनी तर माना टाकल्या होत्या. फुलं गेली तर गेली, पण त्यांच्या मागोमाग नवऱ्याचं जेवणही जाणार होतं.

स्वयंपाकघरात जाऊन, आवाज खाली आणून त्यांनी मुलीला फोन लावला.

"मावा असतो तो, आई," मुलगी म्हणाली. "रस शोषतो. बाबांकडे औषध असणारच. मागच्या पत्र्याच्या खोलीत बघ. बाटलीवर चित्र असेल."

"त्यांना विचारू का?"

"काय विचारणार? उद्या म्हणतील. तूच कर. नाकाला फडकं बांध, आणि खिडकी लाव. बाबा तिथेच बसतात ना?"

पत्र्याच्या खोलीत, फळीवर, निळ्या झाकणाची बाटली होती. लेबलवर हिरवा किडा आणि त्याच्यावर तांबडी फुली. खाली लिहिलेलं, पाच लिटर पाण्याला एक झाकण. काकूंनी फवारणीचा पंप खाली घेतला, पाणी भरलं आणि एक झाकण ओतलं. मग एवढ्या सगळ्या किड्यांकडे मनातल्या मनात पाहिलं. एका झाकणानं काय होतंय, म्हणून दुसरं ओतलं, मग तिसरं, आणि हात वर केलाच आहे तर चौथंही.

आत येऊन त्यांनी खिडकी लावली, वरची कडीही सरकवली. काका त्यांच्याकडे बघत राहिले.

"मावा पडलाय," काकूंनी सांगून टाकलं. "घाबरू नका. मी सगळं करते. तुम्ही इथून नुसतं बघा."

बाहेर जाऊन त्या खिडकीसमोर उभ्या राहिल्या. ओढणीनं नाकतोंड आणि कान बांधलेले, खांद्याला पंप. आणि जत्रेत बक्षीस मिळाल्यासारखी त्यांनी ती बाटली उंच धरून नवऱ्याला दाखवली.

त्या बाटलीत काय आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो काचेच्या आत बसला होता.

बाटलीत तणनाशक होतं. दोन महिन्यांपूर्वी पायवाटेतलं गवत मारायला काकांनी ते आणलं होतं. अर्धी वाट झाली आणि डबा तळाशी चिरला. हाताला लागली ती रिकामी बाटली माव्याच्या औषधाची, त्यात त्यांनी उरलेलं ओतून ठेवलं. वर चिठ्ठी लावायची राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरात कोसळले, आणि बाटली तशीच फळीवर राहिली.

"उद्या!" काका ओरडले.

काकूंना काचेतून त्यांचे ओठ दिसले. त्या हसल्या आणि हात हलवला. "उद्या नाही, आजच! उद्यापर्यंत सगळं खाऊन टाकतील."

"उद्या! उद्या!"

"कळलं हो, आजच करते!"

त्यांनी पहिल्या झाडावर पंप धरला. बारीक धुक्यासारखं पाणी लाल गुलाबावर पसरलं. पानांच्या वर, पानांच्या खाली, कळ्यांवर. बाई कामाला चोख होती, शिवणीचा एक टाका सोडणारी नव्हती, ती पानाचा एक कोपरा कशाला सोडेल. काकांनी डाव्या मुठीनं काच ठोकायला सुरुवात केली. काकूंनी एकदा वळून पाहिलं, होय होय अशी मान हलवली, आणि पाठ फिरवून दुसऱ्या झाडाकडे गेल्या.

काकांनी कडीकडे पाहिलं. बसल्या जागेवरून ती दोन हात उंच होती. खुर्चीचे ब्रेक काकूंनी लावलेले, आणि उजवीकडचा ब्रेक डाव्या हाताला पोचत नव्हता. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. डावा पाय थरथरला, उजवा मेल्यासारखा पडून राहिला, आणि ते धप्पकन मागे बसले. बाहेर दुसरं झाड पूर्ण भिजलं. पानांच्या टोकांवरून थेंब टपकत होते. तिसरं पिवळं. सात कळ्यांचं.

मशीनच्या फळीवर हिरव्या पडद्याचं कापड होतं आणि कापडावर काकूंची मोठी कात्री, लोखंडाची, हातभर लांब. काकांनी खांदा ताणला. बोटं कापडाला लागली. त्यांनी कापड ओढलं, तशी कात्री सरकत सरकत काठाला आली. त्यांनी ती मुठीत धरली आणि सगळ्या अंगाचं बळ आणून काचेवर हाणली.

पहिल्या घावाला काच तडकली, दुसऱ्याला फुटून बाहेर पडली, आणि हातही तिच्यासोबत बाहेर गेला.

त्या आवाजानं काकूंच्या हातातली नळी सुटली. त्या धावत आत आल्या. काकांच्या मनगटापासून कोपरापर्यंत रक्ताची रेघ होती आणि मांडीवर काचा.

"वेड लागलंय का तुम्हाला?" त्यांचा आवाज फाटला. त्यांनी अस्तराचं कापड टर्रकन फाडलं आणि हाताला गुंडाळायला घेतलं. "एक दिवस, एक दिवस मी माझ्या मनानं काही करते म्हटलं तर हे! तुमच्या झाडांना हात लावला म्हणून काच फोडली? मी काय गंमत म्हणून करतेय?"

"उद्या," काका म्हणाले, आणि गुंडाळून झालेला हात सोडवून त्यांनी काकूंच्या तोंडावरची ओढणी खाली ओढली. मग बाहेर बोट दाखवलं. चेहरा असा झाला होता की काकूंचा राग तिथेच थांबला. हा हट्ट नव्हता. माणूस घाबरला होता.

"झाडांचं काही आहे?"

मान खाली. होय.

"पंप बिघडलाय?" नाही. "मी मारायला चुकले?" मान अर्धी हलली, अर्धी नाही. "औषध?"

होय. होय. होय.

"जास्त झालं का? चार झाकणं घातली मी. एक लिहिलं होतं. खरं सांगते, चार घातली."

काकांनी डोळे मिटून उघडले. नाही. म्हणजे तेही, पण ते नाही. त्यांनी पुन्हा बाहेर बोट दाखवलं, मग स्वतःकडे, मग दाराकडे. काकूंना क्षणभर कळेना. पाच आठवडे चौकट धरून बसणारा माणूस बाहेर न्यायला सांगत होता.

दारापुढे दोन पायऱ्या होत्या. शेजारच्या सुतारकाकांना हाक मारावी असं काकूंच्या मनात आलं, पण नवऱ्यानं त्यांचं मनगट असं आवळलं की थांबायला वेळ नाही हे त्यांना कळलं. त्यांनी ब्रेक काढले, खुर्ची उलटी फिरवली आणि स्वतः खाली उभी राहून ती ओढली. चाक पहिल्या पायरीच्या कडेवर आलं. सत्तर किलोंचा माणूस मागे कलंडत त्यांच्या अंगावर येत होता. त्यांची पकड सुटू लागली.

तेव्हा काकांनी पट्टी बांधलेला डावा हात वर केला आणि तळवा खाली करून हवेत सावकाश दाबला. काकूंनी ती खूण तीस वर्षांपूर्वी पाहिली होती, नवीन लग्न झालं होतं आणि त्या डबा घेऊन बंदरावर जायच्या तेव्हा. खाली उभा असलेला माणूस क्रेनच्या केबिनकडे बघून अशीच खूण करायचा: हळू सोड, हळू. काकूंनी श्वास धरला आणि हळू सोडलं. मूठ मिटली: थांब. पुन्हा तळवा. दुसरी पायरीही उतरली.

"आता कुठे?"

पायवाट. अर्ध्यापर्यंत फरशांच्या फटींतलं गवत हिरवंगार, घोट्याइतकं वाढलेलं होतं. आणि एका फरशीपासून पुढे, रेघ मारल्यासारखं, सगळं वाळून पिवळं. काकू रोज त्यावरून जायच्या. उन्हानं वाळलं असेल, एवढंच त्यांना वाटलं होतं.

काका खुर्चीतून वाकले. पडतील म्हणून काकूंनी त्यांची कॉलर धरली. त्यांनी ते मेलेलं गवत मूठभर उपटलं, पायरीशी ठेवलेली निळ्या झाकणाची बाटली मागितली, मांडीवर ठेवली आणि ते गवत त्या बाटलीवर ठेवलं.

काकू बाटलीकडे बघत राहिल्या. मग गवताकडे. मग वाटेवरच्या त्या रेघेकडे.

"ह्यात गवत मारायचं औषध आहे?"

मान खाली.

"तुम्हीच भरलंत?"

काकांनी डाव्या हातानं स्वतःच्या छातीवर मारून घेतलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काकूंनी तो हात वरच्यावर धरला.

"रडायचं मागाहून बघू," त्या म्हणाल्या. "आत्ता काय करायचं ते सांगा. पाणी?"

होय, होय.

नळाला पाइप जोडलेलाच होता. काकूंनी लाल गुलाबावर पाण्याचा झोत सोडला. काकांचा हात वर होता: आणखी, आणखी, पानं उलटी करून, मुळाशी साचू न देता, बाजूला. औषध मारून किती वेळ झाला होता? दहा मिनिटं? पंधरा? पान प्यायला लागलं की धुऊन उपयोग नाही, हे काका जाणून होते, आणि ऊन तापायला लागलं होतं. दुसरं झाड. तिसरं. पाण्याच्या माऱ्यानं पाकळ्यांची टोकं उघडलेल्या कळ्या तुटून चिखलात पडल्या. काकू ओल्याचिंब झाल्या, पण नळ बंद केला नाही.

मग काकांनी दोन बोटांची कात्री करून दाखवली.

"कापू?" काकूंना विश्वास बसेना. "मी?"

छाटणीची कात्री खिळ्यावर टांगलेली होती. काकूंनी ती घेतली आणि लाल गुलाबाच्या शेंड्याला लावली. काकांचा तळवा खाली गेला: खाली. त्यांनी वीतभर खाली लावली. आणखी खाली. हातभर खाली. आणखी.

"अहो, कळ्या आहेत सगळ्या वर."

तळवा खालीच होता. गुडघ्याच्याही खाली गेल्यावर मूठ मिटली. काकूंनी डोळे मिटले नाहीत, कारण कापताना डोळे मिटायची त्यांना सवय नव्हती. फांदी कटकन तुटली. त्या आवाजाला काका प्रत्येक वेळी किंचित दचकत होते, पण हात हलत नव्हता.

काच फुटल्याचा आवाज ऐकून एव्हाना सुतारकाका कुंपणाशी आले होते. "काय झालं, वहिनी? चोर शिरला का?"

"चोर नाही, मावा," काकू म्हणाल्या, तोंडातला केस फुंकून बाजूला करत. "आणि मावा परवडला म्हणायची वेळ आली. या जरा, ह्या फांद्या उचला. हात नंतर धुवा, साबणानं."

सुतारकाकांनी खुर्चीतल्या मित्राकडे पाहिलं. पाच आठवड्यांनी पाहत होते. काकांनी मान खाली घातली नाही. त्यांना तेवढी सवडच नव्हती. पिवळ्याच्या तिसऱ्या फांदीवर काकूंची कात्री दोन बोटं वर लागत होती.

दुपारी तीन खुंट उभे होते आणि कोपऱ्यात फांद्यांचा ढीग. काकूंनी बाटलीवरचं लेबल खरवडून काढलं, तिच्यावर काळ्या रंगानं मोठ्ठी अक्षरं काढली, आणि मगच आत येऊन पाय पसरून बसल्या. डॉक्टरांनी काकांच्या हाताला चार टाके घातले.

पण मावा होताच. उरलेल्या झाडांवर तो निवांत चरत होता. तणनाशकाचा पंप वापरायला काकांनी ठाम नकार दिला, कितीही धुतला तरी. मग काकूंनी इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची आपली बाटली आणली. भांडी घासायचा पातळ साबण, लिटरला एक लहान चमचा. काकांनी ते पाणी बोटांत चोळून पाहिलं आणि आणखी पाणी घालायला लावलं. पानांच्या पोटावर मारायचं, अर्ध्या तासानं साध्या पाण्यानं धुवायचं, आणि जे उरतील ते चिमटीत धरून चिरडायचे. पहिल्या दिवशी काकूंना किळस आली. तिसऱ्या दिवशी त्या मशीनवरून उठून मध्येच पाच मिनिटं "जरा चिरडून येते" म्हणायला लागल्या.

एका सकाळी त्यांना पानावर काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली, इवल्याशा मगरीसारखी. "ही बघा आणखी एक बया," म्हणून त्यांनी चिमटी पुढे केली तोच काकांनी त्यांचं मनगट धरलं. मग दोघं वाकून बघत राहिले. अळीनं एक मावा धरला, शांतपणे खाल्ला, आणि दुसऱ्याकडे वळली. ती ढालकिड्याची अळी होती. मोठी झाली की लाल पाठीवर काळे ठिपके घेऊन उडणार होती. "अगं बाई," काकू म्हणाल्या. "म्हणजे तू बिनलेबलाचं औषधच की."

त्या तीन खुंटांची मात्र रोज सकाळी धास्ती होती. दहा दिवस काहीच नाही. बाराव्या दिवशी दुसऱ्या झाडाला नव्या कोंबाचा तांबूस डोळा फुटला. काकांनी तो अंगठ्यानं हळूच चाचपला. दोन दिवसांनी पिवळ्यालाही फुटला, पण त्याची पानं सुईसारखी बारीक, वाकडी निघाली. काकांनी ती छाटायला लावली. पुढची जरा बरी आली, त्याच्या पुढची नीट. कोपऱ्यातलं लाल, पहिलं भिजलेलं, काळं पडत गेलं. महिन्यानं काकूंनी नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं नव्हतं.

"गेलं," त्या म्हणाल्या.

काकांनी कुदळीकडे बोट दाखवलं.

काकूंनीच ते उकरलं. मुळं खोल होती, उकरता उकरता त्यांची कमर धरली. खड्डा बुजवल्यावर त्या जागी मोकळी मोकळी दिसणारी जमीन उरली. सुतारकाका नवी काच बसवायला आले होते, ते जाताजाता म्हणाले, "वहिनी, इथे एक फळी टाकली तर खुर्ची आत जाईल की."

फळी टाकली. खुर्ची बरोबर मावली. तिथे बसलं की डावीकडच्या दोन झाडांची पानं काकांच्या डाव्या हाताला सहज लागत, आणि खुर्ची वळवली की आणखी दोन. पहिल्या दिवशी त्यांनी एकेक पान उलटून, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून, सबंध एक फांदी स्वच्छ केली. त्याला पाऊण तास लागला. कपाळावर घाम आला होता, ओठ घट्ट मिटलेले.

काकू खिडकीत उभ्या राहून बघत होत्या. हिरव्या पडद्यांची मागणी आठवडाभर लांबली होती आणि गिऱ्हाइकाचा तिसरा फोन येऊन गेला होता.

"अहो, जेवायला वाढलंय," त्यांनी हाक मारली.

काकांनी न वळता डावा हात वर केला आणि मूठ मिटली: थांब. एक पान राहिलं होतं.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि मशीनवर बसून त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला.